काळी वाळू, काळं अस्तर आणि आजीची चिंच

गेल्या उन्हाळ्यात साधारण दीड दिवस माझी अशी समजूत होती की वेल्हे तालुक्यात कधीकाळी द्राक्षाची वाइन मुरत होती. दीड दिवसच. पण तेवढ्यात मी गाईडना पाठवायचा ईमेल लिहून ठेवला होता आणि पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. ईमेल पाठवला नाही, एवढंच नशीब.

तुमच्यापैकी काही जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिसमध्ये अडकलाय. विषय कसा निवडायचा, असं विचारणारे मेसेज येत असतात. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मातीच्या भांड्यांतल्या वाइनचा इतिहास आपल्या भागापुरता कसा लिहिला गेला, कुठे घसरला आणि कसा दुरुस्त झाला, हे सांगता येईल. माझी दीड दिवसाची फजिती त्यातच येते.

माझं काम जुन्या मातीच्या भांड्यांत मुरलेल्या सेंद्रिय अवशेषांवर आहे. भाजलेली माती सच्छिद्र असते. भांड्यात जे साठवलं किंवा शिजवलं, त्याचे काही रेणू भिंतीत शिरून बसतात आणि योग्य रसायन वापरलं तर शेकडो वर्षांनीही बाहेर काढता येतात. अशा कामात जुन्या तुकड्यांबरोबर आजची भांडीही तपासावी लागतात. ज्यात काय होतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे अशी भांडी, म्हणजेच कंट्रोल. मला 'फक्त पाणी' साठवलेलं भांडं हवं होतं. तोरण्याच्या पायथ्याकडच्या आमच्या गावात आजीच्या माजघरात अर्धा जमिनीत पुरलेला एक रांजण आहे. लहानपणी सुट्टीत मी त्यातलं पाणी प्यायलेय. त्याच्या काठाखालचा एक टवका निघाला होता, तो पिशवीत घालून आणला.

लॅबमध्ये त्याचा वरचा थर खरवडून टाकला, खालची पूड केली, बोरॉन ट्रायफ्लोराइड आणि ब्युटेनॉल घालून तापवली, अर्क काढला आणि मशीनला लावला. स्क्रीनवर टार्टारिक आम्लाचं शिखर आलं. बारीकसारीक नाही, चांगलं ठसठशीत. पाण्याच्या रांजणात टार्टारिक आम्ल!

हे बघून मी का उडाले, ते कळायला आधी जॉर्जियाला जावं लागेल. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधला, कॉकेशस डोंगराच्या दक्षिणेचा हा देश. तिथे वाइन ज्या भांड्यात करतात त्याला क्वेव्री म्हणतात. अंड्यासारखा आकार, तळ निमुळता, मातीच्या वळ्या एकावर एक चढवत हाताने घडवलेली. लहान क्वेव्री काही लिटरची, आणि मोठी एवढी की माणूस आत उतरून घासून धुतो. भाजल्यावर तिला आतून मेणाचा हात देतात आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. मग शरद ऋतूत द्राक्षं चेचून रस, साली, बिया, बऱ्याच ठिकाणी देठसुद्धा, सगळं आत ओततात. यीस्ट वेगळं घालत नाहीत, सालीवरचंच काम करतं. आंबणं थांबलं की तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिन्यांनी, वसंतात उघडतात. जमिनीखाली तापमान फार वरखाली होत नाही, म्हणून हे जमतं. पांढऱ्या जातीची द्राक्षंसुद्धा सालीसकट मुरल्यामुळे वाइनला गडद पिवळा, मधासारखा रंग येतो. बाहेरचे लोक तिला ऑरेंज वाइन म्हणतात. संत्र्याशी तिचा काडीचा संबंध नाही. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

जमिनीत पुरून साठवणं आपल्याला काही नवं नाही. देशावर ज्वारीची पेवं असायची. आपल्या भोर-वेल्ह्याच्या पावसात पेव टिकणार नाही, म्हणून इथे भात कणगीत. पण पाण्याचा रांजण मात्र गार राहावा म्हणून अर्धा पुरलेला, जुन्या घरांत आजही दिसतो.

२०१७ मध्ये पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिबिलिसीच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवरच्या गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या दोन नवाश्मयुगीन वस्त्यांमधल्या भांड्यांचे तुकडे तपासून निष्कर्ष छापला: इसवी सनपूर्व ६००० ते ५८०० च्या सुमारास तिथे द्राक्षाची वाइन होती. पुरावा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा, जोडीला मॅलिक, सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लं. भोवतालच्या मातीचीही तपासणी केलेली. टार्टारिक आम्लावर एवढा भरवसा ठेवतात, कारण ते भरपूर प्रमाणात असलेली फळं फार थोडी आहेत. युरोप आणि पश्चिम आशियापुरतं बोलायचं तर जवळजवळ एकच, द्राक्ष. हा नियम मी पाठ केला होता. म्हणून आजीचा रांजण बघून उडाले.

आता आपल्याकडे या. सातवाहनांच्या काळात महाराष्ट्रात द्राक्षाची वाइन होती का? होती, पण ती बाहेरून यायची. कौटिल्याचं अर्थशास्त्र द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हणतं आणि त्याचा एक प्रकार कापिशायन, म्हणजे कपिशा या वायव्येकडच्या प्रदेशातला, असं सांगतं. आणि पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस', लाल समुद्रातून इकडे येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण, त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. पहिलाच जिन्नस वाइन. पसंती इटालियनला, मग लाओदिकियाची आणि अरबस्तानची. राजाला द्यायच्या नजराण्यांत उंची वाइन वेगळी. हेच टिपण पैठण आणि तेर या बाजारपेठांबद्दलही सांगतं, तिथला माल गाड्यांवर घालून अवघड वाटांनी भडोचला जायचा.

लेखी पुरावा झाला. आता मातीचा. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी प्रवरेकाठच्या नेवाशाचं उत्खनन केलं. तिथे अँफोरा या भूमध्य समुद्राकडच्या भांड्याचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे दोन कानांचं, लांब मानेचं, खाली टोकदार भांडं. ते जमिनीवर नीट उभं राहत नाही, कारण ते जहाजाच्या पोटात एकमेकांना टेकवून रचायला बनवलेलं असतं. नेवाशाचे तुकडे ज्या प्रकारात बसले त्याला ड्रेसेल २-४ म्हणतात. हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने रोममधल्या भांड्यांवरच्या अक्षरांचा अभ्यास करताना आकारांचा तक्ता केला, त्यातले हे क्रमांक. ओळख कानावरून होते: मातीच्या दोन कांड्या शेजारीशेजारी जोडून केलेला कान.

पण आकाराची नक्कल कुठेही होऊ शकते, आणि हा प्रकार बऱ्याच ठिकाणी बनायचा. म्हणून २००१ मध्ये सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी नेवाशाच्या तुकड्यांची माती पाहिली. तुकड्याचा कागदाइतका पातळ काप करायचा आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नेपल्सच्या उपसागराभोवतीच्या, म्हणजे कॅम्पानियाच्या कुंभारांनी मातीत ज्वालामुखीची काळी वाळू मिसळलेली असते. तिच्यातले ऑगाइटचे हिरवट स्फटिक सहज ओळखू येतात. नेवाशाची वाइन व्हेसुव्हियसच्या पायथ्याकडून आली होती, असं म्हणायला आता आकाराच्या पलीकडचा आधार मिळाला.

इथे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी हात वर करतील, आणि करायलाच हवा. ऑगाइट तर आपल्या बेसाल्टमध्येही असतं! नीरेच्या किंवा गुंजवणीच्या पात्रातली काळी वाळू भिंगाखाली ठेवलीत तर तिथेही सापडेल. मग नेवाशाचं भांडं इथलंच कशावरून नाही? उत्तर सोबतच्या खनिजांत आहे. कॅम्पानियाच्या वाळूत ऑगाइटच्या जोडीला सॅनिडीन हे पोटॅशियमवालं फेल्डस्पार असतं. आपल्या दख्खनच्या नेहमीच्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज असतं. म्हणजे एका खनिजावर निकाल लावला असता तर फसलो असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते थोड्या वेळाने महागात पडणार आहे.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट उलट्या दिशेची आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. एकाच डोंगराच्या पायथ्यावरून वाइन इकडे आली आणि इकडचा हस्तिदंत त्याच डोंगराच्या राखेत गाडला गेला.

ही भांडी कोकणच्या बंदरांतून घाटावर चढवायची म्हटलं तर काय होईल? भरलेला अँफोरा म्हणजे साधारण २५ लिटर द्रव आणि वर भांड्याचं वजन, मिळून ४० किलोच्या आसपास. कॉलेजात असताना आम्ही मढे घाटाने खाली उतरून परत वर आलो होतो. तेव्हा पाठीवर जेमतेम दहा किलो होते आणि मी तीनदा बसले. पण वाटा जुन्या आहेत. घाटाखाली महाडजवळ गांधारपाल्याची लेणी, वर भोरच्या पूर्वेला शिरवळची लेणी, आणि मधल्या डोंगरातून वरंधा, शेवत्या, मढे, उपांड्या असे उतार. लेणी आणि व्यापारी वाटा यांची जोडी सह्याद्रीत जागोजागी दिसते. नाणेघाटात तर लोक ज्याला जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. वाइन घाटावर चढवायची तर खाली पखालींत ओतून बैलावर लादणं सोपं पडलं असतं. आणि पखाल कुजते, तिचा तुकडा उत्खननात मिळत नाही. त्यामुळे अँफोराच्या तुकड्यांवरून वाइन किती आली हे मोजणं मला नेहमीच जरा धाडसाचं वाटतं.

आता घसरण्याचा भाग. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला उत्खनन केलं आणि पुढच्याच वर्षी ते छापलं. रोमन भांडी, निश्चित काळ, थेट संबंध. त्याचा प्रभाव एवढा पडला की पुढची काही दशकं पश्चिम भारतात जाड, परदेशी, आतून काळं अस्तर असलेला तुकडा सापडला की यादीत 'रोमन अँफोरा' अशी नोंद व्हायची. शंका घ्यायला कारणही नव्हतं. रोमन अँफोरांना आतून पाइनच्या राळेचा काळा लेप असायचाच. शिवाय तुकडा पोटाकडचा असेल तर कान होते की नव्हते, कसं कळणार?

२००७ मध्ये रोबर्टा टॉम्बर यांनी 'अँटिक्विटी' या नियतकालिकात एक लेख छापला. त्यांनी नवीन खड्डा खणला नाही. भारतातल्या संग्रहांमध्ये आधीच पडून असलेले तुकडे पुन्हा हातात घेतले. 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदलेल्यांपैकी बरेच तुकडे रोमन नव्हतेच. ती होती टॉर्पेडो जार: बिनकानाची, लांबट, टोकदार तळाची, मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडची भांडी. काळ पहिल्या-दुसऱ्या शतकाचा नाही, मुख्यतः सासानी आणि सुरुवातीचा इस्लामी. आणि आतलं काळं अस्तर पाइनच्या राळेचं नसून डांबराचं, जमिनीतून पाझरणाऱ्या नैसर्गिक बिट्युमेनचं.

रसायनाच्या विद्यार्थ्याला हा फरक ओळखणं अवघड नाही. पाइनच्या राळेत डायटर्पिनॉइड सापडतात, मुख्य खूण डिहायड्रोअबायेटिक आम्ल. बिट्युमेनमध्ये खनिज तेलाच्या खुणा असतात, होपेन आणि स्टेरेन, आणि त्यांच्या प्रमाणावरून ते कुठल्या भागातलं हेही शोधता येतं. २००८ मध्ये बेन स्टर्न, जाक कोनाँ आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या तुकड्यांवर हेच केलं. काळ तिसरं ते नववं शतक, आणि बिट्युमेनचा माग नैर्ऋत्य इराणकडे, सुसाच्या बाजूला गेला.

'रोमन'च्या जागी 'आखाती' लिहिलं, एवढ्याने काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं. अशा तुकड्यांवरून थरांचा काळ ठरवलेला असतो. तुकडा पहिल्या शतकाचा नसून सहाव्याचा निघाला तर थर पाचशे वर्षं खाली सरकतो आणि त्या थरातले मणी, नाणी, विटा सगळं सोबत सरकतं. दुसरं म्हणजे, रोमन व्यापार ओसरला आणि आपली शहरं खचली, ही मांडणी आपण सगळ्यांनी वाचलीय, रा. श. शर्मा यांचं १९८७ चं 'अर्बन डिके इन इंडिया' नेट-सेटच्या यादीत असतंच. आखाताची भांडी आपल्या किनाऱ्यावर त्यानंतरही उतरत होती. गुजरातमधल्या संजाणच्या उत्खननात ती भरपूर निघाली. माझ्या मते यामुळे शर्मांची मांडणी कोसळत नाही, कारण ते आतल्या शहरांबद्दल बोलतात आणि हा पुरावा मुख्यतः किनाऱ्याचा आहे. पण समुद्र शांत झाला होता, असं मात्र आता म्हणता येत नाही.

आणि गंमत म्हणजे याची सूचना 'पेरिप्लस'मध्येच होती. ४९ व्या प्रकरणातली इटालियन वाइन सगळ्यांनी उद्धृत केली. ३६ व्या प्रकरणात आखाताच्या बंदरांतून भडोचला काय जातं याची यादी आहे, त्यात मोती, खजूर यांच्याबरोबर वाइनही आहे. ते वाक्य तिथेच होतं, रोमचा शोध घेणाऱ्यांना त्याची गरज पडली नाही.

आता माझा रांजण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीला फोन केला. सहज म्हणून विचारलं, रांजणात आधी काय काय ठेवायचात?

"नळ आल्यापासनं रांजणात पाणी कोण भरतंय? चिंच हाय त्यात. मीठ लावून गोळं ठेवलेत. तुला पायजे का?"

चिंच. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतं. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. हे मला बीएस्सीपासून माहीत होतं. आमच्या दारात चिंचेचं झाड आहे. आणि रांजणाला बाहेरून पांढरं फुटलेलं मी स्वतः पाहिलं होतं, ते पाण्यातले क्षार असतील म्हणून सोडून दिलं होतं. ते मीठ होतं.

जॉर्जियात जे एक आम्ल वाइनची साक्ष देतं, ते आपल्याकडे तसंच्या तसं वापरता येत नाही. तिथल्या पुरातत्त्वज्ञाला चिंचेची काळजी नाही. आपल्याला प्रत्येक भांड्यामागे आहे: आमटीची हंडी, चटणीचं मडकं, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून ते पाणी जिथे ओतलं ती माती, सगळीकडे. म्हणून आता मी टार्टारिक आम्ल एकटं मोजत नाही. द्राक्षात मॅलिक आम्लही बरंच असतं, चिंचेत तुलनेने कमी, पण आंबताना मॅलिकचं लॅक्टिक होतं आणि मग ती तुलना डळमळते. लाल द्राक्षाच्या रंगद्रव्यापासून मिळणारं सिरिंजिक आम्ल शोधता येतं, मात्र ते लाकडाच्या धुरातूनही येतं, आणि चूल आपल्याकडे घरातच असायची. शिवाय जॉर्जियाच्या पिवळ्या वाइनसारखी पांढऱ्या द्राक्षांची वाइन असेल तर ती खूण मिळणारच नाही.

सध्या मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते अस्तर. सह्याद्रीत पाइन उगवत नाही. आपल्याकडची धुपाची राळ सालाच्या झाडाची, तिची रासायनिक घडण वेगळी, ट्रायटर्पिनॉइडची. त्यामुळे एकाच तुकड्यात टार्टारिक आम्ल आणि पाइनची राळ दोन्ही मिळाली, आणि मातीत सॅनिडीन दिसलं, तर चिंचेला बाजूला सारता येतं. आपल्या कुंभाराच्या, अस्तर नसलेल्या भांड्यात नुसतं टार्टारिक मिळालं, तर मी आता वहीत 'चिंच?' लिहिते आणि पुढच्या तुकड्याकडे वळते. एक अडचण मात्र राहतेच: जुन्या उत्खननांतले कित्येक तुकडे ब्रशने घासून, पातळ आम्लात बुडवून स्वच्छ केलेले असतात. नक्षी छान दिसते, आतले रेणू गेलेले असतात. तुम्ही कधी उत्खननाला गेलात तर निदान दोन-चार तुकडे न धुता, आजूबाजूच्या चिमूटभर मातीसकट, फॉइलमध्ये वेगळे बांधून ठेवा.

पाण्याच्या रांजणाचा तुकडा मला अजून हवाच आहे. भोरच्या बाजारात कुंभाराकडून नवीन माठ घेतलाय, त्यात जूनपासून फक्त विहिरीचं पाणी आहे आणि त्यावर मी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलीय. आजीने रांजणाचा आणखी तुकडा द्यायला साफ नकार दिला. चिंच मात्र दिली, दोन वर्षांची, काळी पडलेली. ती लॅबच्या फ्रीजमध्ये आहे: कंट्रोल क्रमांक ७.